तोफेचा धक्का आणि गाडीचा शॉकअप

शॉकअप घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : “कडक आहे ना?” ड्रॅग रेससाठी गाडी बांधणारा हौशी गडीही तेच विचारतो. पण वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. शॉकअपने ठरवायचं ते एवढंच, की हालचाल किती वेगाने होऊ द्यायची.

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कारखाना १९०४चा. त्याच्या सातच वर्षं आधी, १८९७ साली, फ्रेंचांनी ७५ मिलिमीटरची एक तोफ काढली. तोवर बार उडाला की अख्खा गाडा मागे जायचा. परत ढकला, परत नेम धरा. या तोफेत फक्त नळी मागे सरकायची आणि तो धक्का तेलाच्या नळकांड्यात जिरायचा. याच जबलपुरात ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराच्या हवाली झालेली १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ही धक्का तेलातच जिरवते.

तोफ काय, शॉकअप काय, आतला कारभार सारखाच साधा आहे. दट्ट्या तेलात सरकतो आणि तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. सावकाश ढकललं तर ते निमूट जातं, जोरात ढकललं तर अडतं. साध्या छिद्रात वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट. म्हणूनच दुकानात दांडा हाताने दाबून “मस्त आहे” म्हणण्याला अर्थ नाही. हाताचा वेग तो किती! शिवाय तोफेची नळी मागे जाताना जेवढी अडवायची, तेवढीच परत येताना अडवून चालत नाही. शॉकअपमध्येही दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा.

ड्रॅगच्या ४०२ मीटरमध्ये खरी परीक्षा सुटतानाच होते. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत वजन मागे जायला हवं, म्हणून पुढचे शॉकअप झटकन उघडणारे आणि हळू बसणारे लागतात. अमेरिकेत त्यांना ‘नव्वद-दहा’ म्हणतात. मागचे फार सैल उघडले तर टायर रस्त्यावर जोरात दाबला जातो, लगेच हलका पडतो आणि जागेवर फिरतो. फार आवळले तर टायर दाबलाच जात नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं नाक वर गेलं की पकड सुटते; तिथे पुढचे शॉकअप उघडताना अडणारे हवेत. अमेरिकन व्हिडिओ पाहून ‘नव्वद-दहा’ बसवणं म्हणजे स्वतःच्या पैशाने गाडी हळू करणं.

मग दर्जा कशात? पाचव्या धावेलाही पहिल्या धावेसारखं वागण्यात. तापलेल्या तेलाला फेस आला की विरोध ढासळतो. चांगल्या शॉकअपमध्ये नायट्रोजनच्या दाबाने तो फेस आवरलेला असतो. जोडीतले दोन्ही नग सारखे हवेत, आणि उघडण्याचा व दाबण्याचा विरोध वेगवेगळा जुळवता आला तर उत्तम. चकचकीत रंग, जाड दांडा, मोठं नाव यांतून यातलं काहीच कळत नाही. कळतं ते डायनोच्या, म्हणजे शॉकअप तपासणाऱ्या यंत्राच्या, आलेखावरून : कोणत्या वेगाला किती विरोध, दोन्ही दिशांना. विकणाऱ्याकडे तो मागा. दाखवता आला नाही तर पैसे खिशातच ठेवा.