दोन अक्षरं

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, मार्न नदीच्या खोऱ्यात, एक बहीण-भाऊ वडिलोपार्जित द्राक्षबाग सांभाळत. बाग आणि तळघर बहिणीकडे, विक्री आणि हिशेब भावाकडे. तिथले बरेच शेतकरी मोठ्या पेढ्यांना द्राक्षं घालतात आणि मोकळे होतात. या घराने मात्र आजोबांपासून वेगळी वाट धरली होती. वाइन स्वतः करायची, बाटलीतच पुन्हा आंबवून तिला फेस आणायचा आणि आपल्या नावाने विकायची. लेबलवर कुठेतरी बारीक अक्षरांत 'आरएम' छापलेलं असे. म्हणजे बाग ज्याची, वाइनही त्याचीच.

वडिलांची एक सवय भावाला खटके. चांगल्या हंगामातली काही वाइन ते बाटल्यांत न भरता टाकीत राखून ठेवत आणि पुढे दुसऱ्या सालांच्या वाइनमध्ये मिसळत. २०१८मध्ये उदंड पीक आलं. तेव्हा वडील नव्हते, पण बहिणीने तेच केलं.

"पैसा झोपवून ठेवलास," भाऊ म्हणाला.

मग आलं २०२१. एप्रिलमध्ये कोवळ्या कोंबांवर दहिवर गोठलं, पुढे पाऊस हटेना, आणि वाचलेल्या घडांवर केवडा पडला. शॅम्पेनची द्राक्षं हातानेच तोडावी लागतात, तसा नियम आहे. त्या वर्षी तोडणीला आलेल्या माणसांना निम्मंही काम मिळालं नाही.

भावाने तोडगा काढला. शेजारच्या म्हाताऱ्याची चढावरची बाग दहिवरातून बचावली होती. त्याची द्राक्षं घ्यायची आणि लेबलवर 'आरएम'ऐवजी 'एनएम' छापायचं, म्हणजे द्राक्षं विकतही घेतलेली. यात बेकायदा काही नव्हतं. पेढ्या हेच करतात, आणि त्यांच्या कित्येक वाइन अप्रतिम असतात.

"दोन अक्षरं कोण वाचतंय?" तो म्हणाला.

बहिणीला उत्तर सुचेना. तिला आठवलं, १९१०मध्ये असंच पीक बुडालं होतं. व्यापारी परप्रांतातला माल आणून शॅम्पेन म्हणून विकतात, म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९११मध्ये दामरी गावी तो माल मार्न नदीत लोटला. पण हा दाखला इथे लागू पडत नव्हता. शेजाऱ्याची बाग बांधाला बांध लागूनच होती.

भाऊ सौदा करायला गेला. दर ठरला. म्हातारा म्हणाला, "पेढीला माल देतो तेव्हा मी काही विचारत नाही. ते शंभर जणांची द्राक्षं एकत्र करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या बाटलीवर मात्र तुझ्या आजोबांचं नाव असतं. यंदाची छाटणी, फवारणी माझी. मग माझं नाव कुठे घालणार?"

भाऊ हसला. म्हातारा हसला नाही.

सौदा तसाच राहिला. घरी येऊन भाऊ तडक तळघरात गेला आणि २०१८च्या टाकीत किती लिटर आहे ते विचारू लागला. बहिणीने मोजून सांगितलं. ती राखीव वाइन २०२१च्या आंबट, हलक्या वाइनला मिसळून चव सावरली, तरी बाटल्या तिसऱ्या हिश्श्याने कमीच भरल्या. तुटवडा लगेच जाणवणार नव्हता, कारण त्यांच्या बाटल्या तीन वर्षं तळघरात मुरत. तरी भावाने ग्राहकांना तेव्हाच कळवून टाकलं. एक आयातदार तुटला तो कायमचा.

२०२२चा हंगाम भरघोस आला. बहीण म्हणाली, "यंदा पाचवा हिस्सा राखू."

"चौथा," भाऊ म्हणाला. "टाकी लहान पडत असेल तर नवी घेऊ. पैसे बाजूला काढलेत मी."