पाहिले म्हणजे काय केले?

नाशिककरांना यात्रेकरूंचे अप्रूप नाही. पंचवटीत रोज बसगाड्या येऊन थांबतात. रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा असे करीत काही तासांत सारे आटोपते आणि गाडी त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागते. त्या गर्दीत कुणी वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला असतो, तर कुणी शेजारी जाऊन आला म्हणून आलेला असतो. दोघेही एकाच घाटावर उभे असतात, तेच पाणी पाहतात. मग पाहणे म्हणजे नेमके काय? आणि पाहणाऱ्यावर पाहिलेल्या गोष्टीचे काही ऋण राहते का? हा प्रश्न अलीकडे एका जोडप्यामुळे माझ्यापुढे बोचरा होऊन उभा राहिला. त्या दोघांच्या संमतीनेच ही हकीकत लिहीत आहे.

पती प्रेसमधून निवृत्त झालेले. उभी हयात यंत्रावर गेली. पत्नीने घर सांभाळले. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. आईवडील त्याच्याकडे गेले असता त्याने त्यांना दोन दिवसांसाठी प्राग शहरी पाठविले. त्यामागे कारण होते. हा मुलगा लहानपणी मरणाच्या दारातून परतला होता, आणि त्या दिवसांत आईने नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस केला होता. ज्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत दूरदूरचे भाविक आपल्याकडे लोटतात, त्याची मूळ मूर्ती प्रागची आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

ती मूर्ती आहे हातभर उंचीची, लाकडावर मेणाचा लेप दिलेली. स्पेनमधून एका सरदार घराण्याकडे ती आली आणि त्या घराण्यातील पोलिक्सेना लोबकोविच या विधवेने १६२८ साली ती कार्मेलाईट संन्याशांना दिली. पुढे तीनच वर्षांनी सॅक्सनीच्या सैन्याने मठ लुटला. मूर्तीचे हात मोडले आणि ती वेदीमागच्या अडगळीत पडली. १६३७ साली फादर सिरिल यांना ती सापडली. हात नसलेल्या त्या मूर्तीपुढे ते प्रार्थना करीत राहिले, आणि परंपरा सांगते की मूर्तीनेच त्यांच्याकडे आपले हात मागितले.

पहिल्या दिवशी दोघे जुन्या शहराच्या चौकात गेली. तेथे १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला सांगाडारूपी मृत्यू दोरी ओढून घंटा वाजवितो, वरच्या खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषितांच्या मूर्ती क्रमाने पुढे सरकतात. पती तेथे तीन ठोके होईपर्यंत खिळून राहिले. पत्नीला त्या खेळण्यात गोडी वाटेना. तिचे पाय दुखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे विजयी मरियामातेच्या चर्चमध्ये गेली. ती बाकावर बसली, ती दोन तास उठली नाही. पतीने चारदोन फोटो काढले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. टेकडीवरचा राजवाडा आणि १३४४ साली पायाभरणी होऊन १९२९ साली पुरे झालेले संत विटस यांचे महामंदिर पाहायचे राहूनच गेले. परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलले नाही.

परतल्यावर एके दिवशी चहा घेता घेता पत्नीने मला हे सांगितले. मला तर प्रवचनाला आयता दाखलाच मिळाला! पुढच्या रविवारी मी संत ऑगस्टीन यांचा एक विचार सांगितला: स्वगृही निघालेला प्रवासी वाटेच्या आणि वाहनाच्या सुखात रमला, तर तो घराला विसरतो. मग नाव न घेता एका जोडप्याची गोष्ट सांगितली. एक जण प्रवासी, दुसरी यात्रेकरू. एकाने यंत्र पाहिले, दुसरीने देव पाहिला. लोकांनी मान डोलावली. मीही स्वतःवर खूश झालो.

त्या संध्याकाळी पती माझ्या निवासस्थानी आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, “फादर, तुम्ही त्या चौकात नव्हता. सहाशे वर्षांत त्या घड्याळाला तेल कुणी कुणी घातलं असेल, याचा मी विचार करीत होतो. आमच्यासारख्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. मी त्या सगळ्यांसाठी उभ्याउभ्या प्रभूची प्रार्थना म्हटली.” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “आणि चर्चमध्ये मला बसवेना. मुलगा अत्यवस्थ होता त्या रात्री मी रात्रपाळीला गेलो होतो. जायला नको होतं. दवाखान्यात ती एकटी होती. त्या मूर्तीपुढे बसलो की मला ती रात्र दिसते. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही.”

मी निरुत्तर झालो. शोभामरियामीच्या दाखल्यांत रमणारा मी, भल्या शोमरोन्याची गोष्ट कितीदा सांगितली असेन! वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाला तिघांनीही पाहिले होते. याजकानेही पाहिलेच होते. त्याच्या दृष्टीत दोष नव्हता; दोष होता तो पाहून पुढे जाण्यात. मीही या माणसाला वर्षानुवर्षे रविवारच्या मिस्साला पाहत आलो होतो. त्याच्याविषयी एक गोष्ट कानी येताच मी ती उचलली, मला हवी तशी चौकटीत बसवली आणि पुढे गेलो. प्रागच्या चौकात घंटा वाजताच फोन वर करून क्षणात पांगणाऱ्या गर्दीहून मी कोणत्या अर्थाने निराळा होतो?

त्याच शहरातील चार्ल्स पुलावर संत जॉन नेपोमुक यांचा पुतळा आहे. १३९३ साली राजाज्ञेने त्यांना नदीत बुडविण्यात आले. प्रायश्चित्ताचे गुपित फोडले नाही म्हणून, अशी परंपरा आहे. लोक त्या चौथऱ्यावरील धातुपटाला हात लावून आपले नशीब आजमावतात, असे या दोघांनीच मला सांगितले. चहाबरोबरची गोष्ट म्हणजे प्रायश्चित्त नव्हे, हे खरे. पण तीही विश्वासानेच सांगितलेली होती.

आपल्या धर्मशास्त्राने मानवी जीवनाचे अंतिम साध्य देवाचे दर्शन हेच मानले आहे. तेव्हा पाहणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु संत थॉमस अक्विनास एक सूक्ष्म भेद करतात. स्वर्गातील धन्य आत्मे देवाला पाहतात, पण त्याला संपूर्णपणे आकळू शकत नाहीत. पाहूनही तो उरतोच. मला वाटते, पाहणाऱ्यावरचे ऋण हेच आहे: जे पाहिले त्याहून बरेच काही न पाहिलेले उरले आहे, याची जाणीव ठेवणे. दोन तास बसलेला यात्रेकरू आणि दोन मिनिटे थांबलेला प्रवासी, अशी वाटणी सोपी आहे. ती करण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. पतीच्या प्रार्थनेला पत्नी खेळणे समजली आणि त्यांच्या वेदनेला मी उथळपणा समजलो. मूर्तीचे तुटलेले हात तरी फादर सिरिल यांना दिसले. शेजारच्या माणसाचे तुटलेपण सहसा कुणाला दिसत नाही.

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी त्या रात्रीची गोष्ट पत्नीला सांगितली, असे पुढे कळले. ती काय म्हणाली, ते मी विचारले नाही.

आता यात्रेचे दिवस येतील. मंडप पडतील, मेणबत्त्यांच्या रांगा लागतील आणि शेकडो फोन मूर्तीच्या दिशेने उंचावतील. पूर्वी मला त्याची चीड येई. यंदा मात्र त्या फोनमागचा चेहरा जरा निरखून पाहीन, आणि तरीही तो मला पूर्ण दिसला असे समजणार नाही. बाळ येशू आपणां सर्वांना तशी दृष्टी देवो.