आतले सहा नट

रिम आणि हबच्या मध्ये घालायचे स्पेसर तीस एमएमचे घेऊ की पन्नासचे, एवढंच विचारायला तू आलास. मुळात बसवावेत का, हा प्रश्न तुझ्या डोक्यात आलाच नाही. दोन वर्षं आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या वर्गात माझ्यासमोर बसलास. आज स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली पोरं आहेत. आणि तू माप ठरवतोस ते दुकानदाराच्या मोबाइलमधले फोटो बघून? बस त्या स्टुलावर. फोन खिशात ठेव आणि नीट ऐक.

हाय-लँडर पिकअप घेतलीस, चांगली गाडी आहे, मजबूत आहे. सोळा इंची लोखंडी डिस्कवर 245/70 चे टायर घेऊन ती तुझ्याकडे आली. महिना झाला नाही तोच ते काढून तू 265/75 चढवलेस. चढवण्याआधी कागदावर आकडेमोड केलीस का? नाही ना? मग मीच सांगतो. जुन्या टायरची उंची साधारण 749 मिलिमीटर, नव्याची 804. म्हणजे साडेपाच सेंटिमीटर उंची वाढली आणि जवळपास दोन सेंटिमीटर रुंदी. स्पीडोमीटरच्या काट्यात सात टक्क्यांचा फरक पडला तो वेगळाच, त्याबद्दल तर तू बोललाही नाहीस. आता टायर घासतो म्हणतोस. घासणारच! एक चूक निस्तरायला तू दुसरी विकत घ्यायला निघालायस, तीही रोख पैसे मोजून.

बरं, टायर नेमका कुठं घासतो? आत, सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला, की बाहेर, मडगार्डच्या कडेला आणि बंपरच्या कोपऱ्याला? बघ, खांदे उडवतोस. टायरला खडू फासायचा, स्टिअरिंग शेवटपर्यंत डावीकडे वळवायचं, मग उजवीकडे, आणि खडूची खूण कुठं उमटली ते बॅटरी मारून बघायचं. पाच मिनिटांचं काम. आत घासत असेल तर स्पेसर चाक बाहेर ढकलतो, म्हणून तिथलं घासणं थांबेल. बाहेर घासत असेल तर तेच चाक वळताना आणखी मोठा फेर घेईल आणि आज कडेला चाटणारा टायर उद्या मडगार्डचं अस्तर फाडेल. कुठं घासतं हेच ठाऊक नसताना तू औषधाचा डोस विचारतोयस!

आणि खरं कारण मला कळत नाही असं समजू नकोस. टायर मडगार्डच्या बाहेर आले की गाडी रुंद दिसते, पोरं फोटो काढतात. हौस आहे, तर हौस म्हण. हौसेला माझी ना नाही. पण ‘सर, गाडी वळणावर जास्त स्थिर राहते’ हे माझ्या तोंडावर सांगू नकोस. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी कलंडायला थोडी अवघड होते, हे खरं आहे. पण उंच टायर घालून तू आधी गाडीच वर उचललीस, ते सोयीस्कर विसरलास.

आता तो स्पेसर हातात घे. हा तुझ्या दुकानदाराचा नमुना ना? ॲल्युमिनियमचा आहे. पण ओतीव की घडीव, हे त्याला विचारलंस का? खोक्यावर काय लिहिलंय? काहीही नाही. ना धातूचा ग्रेड, ना भाराचा आकडा, ना बनवणाऱ्याचा पत्ता. मधलं भोक बघ. तुझ्या हबच्या मधल्या उंचवट्यावर ते चपखल बसायला हवं, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडाला रिमसाठी तसाच उंचवटा हवा. इथं दोन्ही नाही. सगळ्या सहा-स्टड पिकअपना चालावं म्हणून भोक मोठं ठेवलंय. म्हणजे चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर आलं. एक नट जरा आधी आवळला गेला की चाक केसभर सरकून बसतं, ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं, आणि मग तू गिऱ्हाइकाला बॅलन्सिंगचं बिल लावतोस.

वर्गात पहिल्याच महिन्यात काय शिकवलं होतं? चाकाचा भार स्टड उचलत नाहीत. नट आवळला की स्टड ताणला जातो, त्या ताणानं रिम हबवर घट्ट दाबली जाते आणि त्या दाबातून येणारं घर्षण सगळा मार खातं. दाब कमी झाला की रिम हलते, स्टडवर आडवा मार बसतो आणि तो तुटतो. आता इथं हिशेब कर. पूर्वी रिम आणि हब यांच्यात एक सांधा होता, आता दोन झाले. सहा नट होते, बारा झाले. त्यातले सहा चाकाच्या मागे, दिसतच नाहीत. सकाळी गाडीभोवती फेरी मारताना बाहेरच्या नटांवर हात फिरवशील, व्हीलपाना लावून बघशील. आतले सहा बघायला चारही चाकं उतरवावी लागतील. बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी ते पुन्हा टॉर्क पान्यानं तपासावे लागतात. तपासशील? परवा तुझ्या गॅरेजात तुझा पोरगा हवेच्या गननं नट असा आवळत होता की माझे दात शिवशिवले. टॉर्क पाना भिंतीला टांगलेला, त्यावर बोटभर धूळ.

सैल नट कसा ओळखायचा, तेही विसरला असशील. नटाच्या मुळाशी तांबूस भुकटी दिसते, मग तिथून बाहेर गंजाच्या बारीक रेघा फुटतात. रिम काढलीस तर स्टडचं भोक गोल राहिलेलं नसतं, एका बाजूला लांबट झालेलं असतं. हे सगळं स्पेसरच्या आत घडत असेल तर दिसणार कुणाला? स्टिअरिंग थरथरायला लागेल तेव्हा कळेल, आणि तेव्हा तू माळशेज उतरत असशील, मागं खताच्या गोण्या आणि शेजारी बायको-मुलं.

बेअरिंगचं गणितही राहिलंच. समज, एका चाकावर 600 किलो वजन आहे. ते तीस मिलिमीटर बाहेर गेलं तर गाडी नुसती उभी असतानाही हबवर 18 किलो-मीटरचा जादा पीळ आला. खड्ड्यात तो कितीतरी वाढतो. रिमचा मूळ ऑफसेट 30 असेल तर तीसच्या स्पेसरनं तो शून्य होतो. कंपनीनं बेअरिंग, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा कोन हे सगळं त्या मूळ आकड्यावर बसवलेलं असतं. चाक बाहेर गेलं की एक टायर खड्ड्यात आदळताना स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. ओतूरच्या पुढचा रस्ता तुला मी सांगायला नको.

‘पातळ प्लेट टाकू का मग, पाच एमएमची?’ हेही विचारशील, म्हणून आत्ताच सांगतो. तेवढ्यानं स्टडचे आटे नटात कमी शिरतात. बारा मिलिमीटरच्या स्टडवर निदान बारा मिलिमीटर आटे पकडले पाहिजेत. दीडच्या पिचला आठ फेरे होतात. फेरे मोज. सहाच भरले तर गाडी चालवायची नाही. आणि जाड स्पेसरमधून मूळ स्टडची टोकं बाहेर डोकावली, रिमच्या मागं त्यांना जागा नसली, तर ग्राइंडरनं स्टड कापायचे नाहीत. हे मी तुला ओळखतो म्हणून बजावतोय.

पोर्श स्वतःच्या काही मोटारींना स्पेसर देते, हे तू म्हणणारच. देते. पण ते त्या गाडीच्या हबसाठी बनवलेले असतात आणि सोबत लांब बोल्ट येतात. जर्मनीत बाजारातला स्पेसर बसवायचा तर त्या मॉडेलसाठीची मान्यतेची कागदपत्रं लागतात. ऑस्ट्रेलियात गाडी बनवणाऱ्यानंच दिलेला नसेल तर रिम आणि हबच्या मध्ये स्पेसर घालायला नियमावलीत मनाई आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर निकाल दिला की उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ नव्यानं लिहिलं गेलं. बेकायदा फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवालदार तुला पकडेल की नाही, हा प्रश्नच वेगळा. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर चाक काढून बघेल आणि हे कधी कळवलंत, असं विचारेल. काय सांगशील? फोटोत छान दिसत होतं?

गिऱ्हाइकाच्या गाडीला हे बसवून दिलेलं मला कळलं, तर गॅरेजच्या पाटीखाली माझं नाव सांगत फिरू नकोस. ‘सरांचा विद्यार्थी’ म्हणून तुझ्याकडे येणारी माणसं माझ्या भरवशावर येतात.

आता काय करायचं ते ऐक. जुने टायर विकले नसशील तर उद्या सकाळी तेच चढव. विकले असशील तर मूळ मापाचा संच घे, आणि हा मोठा संच ज्याच्या गाडीला बसतो त्याला विक. रुंद टायरच हवेत असा हट्ट असेल तर कंपनीनं मान्य केलेल्या मापाचा टायर आणि योग्य ऑफसेटची रिम घे. पैसे जास्त लागतील, म्हणून सहा महिने थांब. स्पेसरचा हा नमुना दुकानदाराला परत नेऊन दे. आणि भिंतीवरचा तो टॉर्क पाना आजच खाली काढून पूस, सोमवारी मी गॅरेजात येतोय, सगळ्या पोरांसमोर तुझ्याकडून नट आवळून घेणार आहे.