पुनरुत्थानाची पंगत

'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात दोन गोष्टी एकमेकींना खेटून आल्या आहेत. प्रेषित येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष देत होते, ही पहिली. दुसरी तिच्या पाठोपाठच येते: त्या मंडळीत कोणी गरजवंत उरला नव्हता, कारण ज्यांच्याकडे जमीनजुमला होता ते तो विकून पैसे आणून देत होते. लेखकाला हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. येशू उठला आहे हे जर खरं, तर आपली धान्याची कोठी केवळ आपली कशी राहील, असा त्या माणसांचा साधा हिशोब होता.

तो हिशोब लगेच चुकूही लागला. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमिनीच्या पैशातला काही भाग लपवून ठेवतात. सहाव्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, तक्रार होते आणि वाढपाची व्यवस्था पाहायला सात जण नेमावे लागतात. पुढे करिंथच्या मंडळीला पौल खरमरीत पत्र लिहितो. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच जेवून, पिऊन तर्र होतात आणि काही उपाशी राहतात, हे त्याला सहन होत नाही. नव्या जीवनाची पहिली परीक्षा पंगतीत झाली आणि मंडळी तिथेच अडखळली. हे झाकून न ठेवता लिहून ठेवणाऱ्यांचं मोठेपण मान्य करायला हवं.

चौथ्या शतकात नव्या जीवनाच्या या विचाराला भव्य विधीचं रूप आलं. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री नवदीक्षित जुने कपडे उतरवून पाण्यात उतरत, बाप्तिस्मा घेऊन बाहेर आले की पांढरी वस्त्रं नेसत आणि आठवडाभर तीच वापरत. १७०० वर्षांपूर्वीच्या समाजात अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी कळत असे. त्या आठवड्यात मात्र धनी आणि चाकर एकाच वेषात दिसत. ३८०च्या दशकात जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहिलं आहे की, ईस्टरच्या आठवड्यात बिशप पुनरुत्थानाच्या मंदिरात नवदीक्षितांना त्या विधींचा अर्थ उलगडून सांगत, तेव्हा ऐकणाऱ्यांचा जल्लोष मंदिराबाहेर ऐकू येई.

आठवडा संपला की चाकर पुन्हा चाकरच. ही विसंगती ज्याला टोचली असा एक माणूस त्या काळात होता: नीसाचा बिशप ग्रेगरी. ईस्टरच्या एका प्रवचनात त्याने धन्यांना आपले गुलाम मोकळे करायला सांगितलं. दुसऱ्या एका प्रवचनात तर त्याने माणसाने माणसाचा मालक होण्यावरच घाव घातला. प्राचीन जगात इतकं स्पष्ट कोणी क्वचितच बोललं असेल. त्याचं ऐकलं मात्र फारसं गेलं नाही. पुढच्या शतकांत मोठ्यांचे बाप्तिस्मे विरळ झाले, लहान मुलांचे कधीही होऊ लागले आणि पास्काजागरण, म्हणजे ईस्टरच्या रात्रीचा तो विधी, सरकत सरकत शनिवारच्या सकाळपर्यंत मागे आलं. भर उन्हात मेणबत्ती पेटवून रात्रीच्या उजेडाचं गीत गाण्याची वेळ आली.

१७३२ साली सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावात हा विचार अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उगवला: कबरस्तानात. मोरेव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेल्यांनी काउंट झिंझेंडोर्फच्या जमिनीवर हे गाव वसवलं होतं. आधी त्यांच्यातच भांडणं झाली आणि १७२७च्या एका प्रभुभोजनात समेट झाला. पाच वर्षांनी ईस्टरच्या पहाटे गावातले अविवाहित तरुण हूटबर्ग टेकडीवरच्या दफनभूमीत गेले आणि आपल्या मृतांच्या सोबतीने गायले. आजही जगभरचे मोरेव्हियन ईस्टरची पहाट अशीच साजरी करतात. त्यांच्या दफनभूमीतले दगड जमिनीलगत आडवे आणि सारख्या बेताचे असतात. कुटुंबानुसार थडगी नसतात; पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे, ज्या क्रमाने मरण आलं त्या क्रमाने. सुताराशेजारी सरदार. हेर्नहूटमध्ये झिंझेंडोर्फ घराण्याच्या थोरल्या समाध्या तेवढ्या मधोमध आहेत, हेही सांगायला हवं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेओनहार्ट डोबर आणि डाविड निचमान हे दोघे हेर्नहूटमधून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले, तिथल्या गुलामांना सुवार्ता सांगायला. पण काही वर्षांतच त्या मिशनने गुलामांसकट एक मळा विकत घेतला. थडग्यातली समता जिवंत माणसांपर्यंत न्यायला मंडळी कमी पडली.

महाराष्ट्रात ही गाठ पुन्हा पंगतीशीच सुटली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं सोवळं चालूच होतं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी लिहिलंय की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही हे एकदा मनात उजाडलं, आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडलं. विधी नंतर आला. नवं जीवन पाण्याच्या पेल्यातून आधीच सुरू झालं होतं. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हे ख्रिस्तभक्तांचं मंडळ उभारलं तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. मिशनच्या चौकटीत वाढलेल्या अनेकांना ते धाडस वाटलं असणार.

कॅथलिक चर्चमध्ये पास्काजागरण रात्री परतलं ते १९५१ साली, पोप पायस बाराव्यांच्या काळात. त्यात एक नवी गोष्टही आली: जमलेल्या सगळ्यांनी हातात पेटत्या मेणबत्त्या धरून आपल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारायची. वसईपासून गोव्यापर्यंत आज कॅथलिक ती आपापल्या भाषेत म्हणतात.

वचनं सामूहिक झाली, तरी भारतात त्यांना जातीशी झगडावं लागतं. तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतरांची थडगी भिंतीने वेगळी केलेली आहेत. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमधल्या अस्पृश्यतेची कबुली देऊन तिचा निषेध केला. कागदावरचं हे पाऊल मोलाचं आहे. ते अमलात आणण्याची जबाबदारी त्या त्या धर्मग्रामाची, तिथल्या पाद्रींची आणि पास्काच्या रात्री मेणबत्ती हाती घेणाऱ्या प्रत्येक घराची आहे. आणि भिंत पाडायला सुरुवात करायची तर ती वरच्या जातीच्या कुटुंबांनीच करायला हवी.