देवापाशी आपली जागा

डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरवरून मोटारीने जाण्याची वाट त्यांनी टाळली. मोटारवाले ऐनवेळी नकार देतील अशी धास्ती होती. ‘पद्मावती’ बोटीने सावित्रीच्या खाडीतून ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला पोहोचले. या वाटेवर महाड जवळ आले की डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. पुढे गावात वीरेश्वराचे देऊळ आणि चवदार तळे. माणसे नेमक्या एखाद्याच देवावर श्रद्धा का ठेवतात, हा प्रश्न तपासायला मला हा टापू पुरेसा वाटतो. गेल्या दोन हजार वर्षांत इथे श्रद्धा एकाच जागी थांबलेली नाही, आणि ती कशी सरकली याच्या खुणा अजून जागच्या जागी आहेत.

या प्रश्नाचे जुने आणि सर्वांना पटणारे उत्तर भीतीचे. वीज, पूर, रोगराई यांच्यापुढे माणूस हतबल झाला आणि त्यातून देव आला, असे म्हणतात. भीतीचे बळ या भागाला कोणी सांगायला नको. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि घरेच्या घरे माणसांसकट गाडली गेली. पण या खोऱ्यात हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारी राहतात. डोंगर तोच, पाऊस तोच, भीतीही तीच. तोंडी येणारे नाव मात्र ज्याचे त्याचे वेगळे. भीती माणसाला हाक मारायला लावते, हे खरे. ती कोणाला मारायची, हे ती सांगत नाही. ते जन्माने ठरते, असे यावर उत्तर येईल, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. आईने जिथे हात जोडायला शिकवले तिथेच मूल हात जोडते. मात्र जन्मानेच सगळे ठरत असते तर श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली असती. ती राहिलेली नाही, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

गांधारपाल्याच्या एका ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचे दान नोंदलेले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी. ज्याने बुद्धासाठी डोंगर कोरला त्याने भिक्षूंच्या निजण्याची आणि पाण्याचीही सोय केली, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा इथे दान, वस्ती, पाणी आणि खाडीच्या वाहतुकीशी बांधलेली होती. पुढे भिक्षू गेले, दाते गेले, आणि याच लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणू लागले. बुद्धाला खोटा ठरवून हे घडले असावे असे वाटत नाही. बुद्धाशी ज्यांचे नाते होते ती माणसे उरली नाहीत. मागे राहिलेल्यांना ओसाड खोल्या दिसल्या आणि त्यांनी त्या आपल्या ओळखीच्या पाच भावांच्या नावावर करून टाकल्या. ज्यांच्या कथा घरात सांगितल्या जात होत्या, त्यांच्याकडे डोंगर आपोआप आला.

मराठीत या विषयावर जो विचार झाला तो याच दिशेने सरकत गेलेला दिसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त खंडोबा, म्हसोबा यांना बळीराजाच्या राज्यातले अधिकारी ठरवले. आज ती व्युत्पत्ती कोणी स्वीकारणार नाही. पण कुणब्याचा देव ही कुणब्याच्या हरवलेल्या राज्याची आठवण आहे, हा त्यामागचा विचार जबरदस्त होता. दामोदर धर्मानंद कोसंबी पायी फिरून घाटवाटांवरची, तिठ्यांवरची, लेण्यांच्या तोंडाशी बसलेली देवस्थाने पाहत गेले. देवता माणसांच्या जुन्या रहदारीवर बसलेली असते, हे त्यांनी दाखवले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात गवळी-धनगरांचा देव साऱ्या महाराष्ट्राचा कसा झाला, याचा माग काढला. तिघांच्या वाटा निराळ्या असल्या तरी देवाचे चरित्र हे त्याच्या भक्तांचे चरित्र आहे, इथे तिघेही येऊन पोहोचतात. मला त्यापुढे एक पाऊल टाकायचे आहे. ज्या देवापाशी आपल्याला जागा आहे, त्या देवावर माणसाची श्रद्धा बसते.

कोकणातले गाव पाहिले तर याचा अर्थ लगेच कळतो. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारोदार येते. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, ढोल कोणी वाजवायचा, होळीचे लाकूड कोणी आणायचे, हे सारे मानाप्रमाणे ठरलेले असते. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडला वीरेश्वराचा छबिना असतो. आजूबाजूच्या गावांच्या पालख्या भेटीला येतात आणि देवादेवांत भावाबहिणींची नाती सांगितली जातात. मुंबईचा चाकरमानी रजा काढून शिमग्याला गावी येतो, तेव्हा देव आहे की नाही यावर विचार करून तो निघालेला नसतो. खांदा द्यायची पाळी आपल्या घराची आहे, एवढे त्याला ठाऊक असते. मात्र याच रचनेत अस्पृश्य ठरवलेल्यांची जागा उंबरठ्याच्या बाहेर ठरवून दिलेली होती. देवाची कामे त्यांच्याकडे होती, देवाची भेट नव्हती.

त्या जागेबद्दल याच मुलखातून प्रश्न उठले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी धर्माच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या पहिल्या परिषदेसाठी धडपड केली. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे, अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचे पाणी प्यायली. थोड्याच वेळात गावात आवई उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. आणि मारहाण सुरू झाली. देवळात जाण्याचा बेत नव्हता. तरीही ती आवई खरी वाटली, कारण पाणी आणि देव एकाच कुंपणात आहेत हे मारणाऱ्यांना नीट माहीत होते. पुढे नाशिकला १९३० ते १९३५ काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला, दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत अवघड आक्षेप चोखामेळ्याचा आहे. ज्या विठ्ठलाने त्याला देवळात जागा दिली नाही, त्याच्यावरच त्याने जीव ओवाळला, आणि त्याच्यामागे शेकडो वर्षे माणसे पंढरीला जात राहिली. मग जागेचे काय? भक्तिपरंपरेने याचे उत्तर कथेत दिले. विठ्ठल चोख्याबरोबर ढोरे ओढतो, त्याच्या घरी येतो, असे लोक सांगत राहिले. देवळात नसलेली जागा देवाने स्वतः बाहेर येऊन दिली. ती कथा पुरत होती तोवर श्रद्धा टिकली. वलंगकरांच्या पिढीला ती पुरेनाशी झाली, कारण लष्करात आणि शाळेत तिने दुसरी जागा पाहिली होती.

दुसरा आक्षेप असा, की आंबेडकरांनी वीस वर्षे धर्म पारखले. ही विचारपूर्वक केलेली निवड आहे, तिला जागेची भूक म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय बुद्ध हा देव नव्हे. दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. मात्र त्यांची कसोटी काय होती ते पाहावे: माणसाला माणूस म्हणून समान जागा कोण देतो? ती कसोटी बुद्धीचीच होती, आणि तिच्यामागे चवदार तळ्याचा अनुभव होता. भाविकाचा आक्षेप याहून साधा असतो: मला प्रचिती आली, नवस फळला, म्हणून मी मानतो. ती प्रचिती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. एवढेच विचारावेसे वाटते, की नवस बोलताना त्याच देवाचे नाव आधी कसे आठवले? श्रद्धा कुठून आली हे सांगितल्याने देव आहे की नाही, हा प्रश्न सुटत नाही. तो इथे मी हातीही घेतलेला नाही.

आज गांधारपाल्याच्या पायऱ्या चढून जाणाऱ्यांत बौद्ध कुटुंबे असतात. जुनी माणसे अजून पांडवलेणी म्हणतात, ही कुटुंबे बुद्धलेणी म्हणतात. वर विष्णुपालिताच्या दानातली पाण्याची टाकी त्याच कातळात आहेत. तिथून खाली पाहिले की सावित्री दासगावच्या खाडीकडे जाताना दिसते.