शस्त्रक्रियेपूर्वींचा एकांतवास

इसवी सन २०२० च्या मे महिन्यांत, कोविडची साथ चालू असतां, इंग्लंडांत असा नियम झाला कीं, ज्याची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यानें व त्याच्या घरच्यांनीं आधीं चौदा दिवस घरींच राहावें, आणि दाखल होण्यापूर्वीं रोग्यानें तपासणी करून घ्यावी. ज्याला ताप नाहीं, खोकला नाहीं, त्यास असें कोंडणें न्याय्य काय?

नियमास सबळ कारण होतें. त्याच महिन्यांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत २४ देशांतील १,१२८ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या सुमारास हा रोग जडलेल्या त्या लोकांपैकीं सुमारें चौथा हिस्सा तीस दिवसांच्या आंत दगावला. बरें, नुसती तपासणीही पुरत नाहीं; कारण रोगबीज शरीरांत शिरल्यावर पहिले कांहीं दिवस तें तपासणींत सांपडत नाहीं.

परंतु तपासणीचा निकाल प्रयोगशाळा सांगते. चौदा दिवस कोण कोठें गेला, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. ‘घरींच होतों,’ ह्या त्याच्या शब्दावर विसंबून वैद्य त्याच्या घशांत नळी घालण्यास वांकतो, आणि शेजारच्या खाटेवरील दुर्बळ रोगी निश्चिंत निजतो. तारीख पुढें गेली तर दुखणें वाढेल, ही भीति खरी आहे. तरी चूक झाली असल्यास ती उघड सांगावी. खोट्या शब्दाची किंमत दुसऱ्यास भरावी लागते.

तथापि रोजंदारीवर पोट भरणाऱ्यास ‘घरीं बैस’ म्हणणें सोपें, त्याच्या चुलीची काळजी वाहणें कठीण. ज्यांच्या रक्षणार्थ तो कोंडून घेतो, त्यांनीं त्याच्या दारीं अन्न पोंचविणें हा उपकार नव्हे; तें ऋण फेडणें होय.