पाप

आमच्या बेळगावच्या मराठीत ‘पाप’ हा शब्द दोन कामे करतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला त्यातले एकच ठाऊक असते. रस्त्यात कुणी घसरून पडले, शेजारचे पोर तापाने फणफणले, की आमच्याकडच्या बायका चटकन म्हणतात, “पाप!” पाहुणा दचकतो. पाप कुणी केले, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. मग त्याला सांगावे लागते, की बाबा रे, हे पातक नव्हे, हे ‘बिच्चारं’. कन्नडात हा शब्द पातकालाही वापरतात आणि कळवळ्यालाही. तिथूनच हा दुसरा अर्थ आमच्या बोलण्यात आला. सीमाभागात भाषांच्या भांडणाचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. या दोघींनी एकमेकींच्या ओटीत काय काय घातले, त्याची मोजदाद मात्र फारशी कुणी करत नाही.

हा शब्द मी साठ वर्षे वापरत आलो. त्याच्या दोन अर्थांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे कधी मनात आले नव्हते. ते आले एका कुत्रीमुळे. तिचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षी श्रावणातली संध्याकाळ होती. काँग्रेस रोडवर, पहिल्या रेल्वे गेटाच्या अलीकडे, एका मोटारीने एका कुत्रीला ठोकरले आणि मोटार तशीच पावसात निघून गेली. कुत्री तांबूस रंगाची, वर्षा-दीड वर्षाची. मागचा एक पाय लोंबत होता आणि ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत गटाराकडे सरकत होती. चार-सहा माणसे थांबली, ‘पाप’ म्हणाली आणि गेली. मीही म्हणालो, आणि खरे सांगायचे तर मीही दहा पावले पुढे गेलो होतो. तेवढ्यात एक रिक्षा थांबली. चालक खाली उतरले आणि मला विचारू लागले, “पाप री! एनागैती अदक्क?” काय झाले तिला, हे ते मला विचारत होते, जणू ती माझीच. उत्तर द्यायला म्हणून मी मागे वळलो आणि तिथेच अडकलो.

त्यांनी सीटखालचे पोते काढले. दुखऱ्या जनावराला ओळख राहत नाही, ते चावते. म्हणून माझ्या रुमालाने तिचे तोंड बांधले आणि दोघांनी मिळून तिला पोत्यावर घेतले. त्यांनी भाडे घेतले नाही. माझ्या दारात तिला उतरवून ते गेले. त्यांचे नावही मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी पशुदवाखान्यात वेदनेचे इंजेक्शन मिळाले आणि निदान कळले. मांडीचे हाड मोडले होते. मांडीच्या हाडाला बाहेरून पट्टी बांधून भागत नाही, आत सळई घालावी लागते. ती सोय तिथे नव्हती. मग खाजगी डॉक्टर. त्यांनी क्ष-किरण फोटो काढला आणि तीन वाटा सांगितल्या. सळई घातली तर सगळे मिळून सव्वीस हजार. पाय काढून टाकला तर साधारण निम्म्यात भागेल, आणि तीन पायांवर कुत्री पुष्कळ चांगली जगतात. तिसरी वाट शेवटच्या इंजेक्शनची. डॉक्टरांनी तिन्ही वाटा सारख्याच आवाजात सांगितल्या, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. हाड एकाच जागी, सरळ मोडले होते. कुत्री तरुण होती. तीन पायांची कुत्री घरात जगते, काँग्रेस रोडवर नाही. आणि ती घरात राहील की रस्त्यावर, हे तेव्हा आमचे ठरले नव्हते. आम्ही पहिली वाट निवडली.

आता पैसे. घराला दिवाळीत रंग द्यायचा म्हणून दहा हजार बाजूला ठेवले होते, ते काढले. मुलाने पुण्याहून तीन हजार पाठवले. डॉक्टरांना फुकट करा असे म्हटले नाही, कारण त्यांच्याकडे असे प्राणी रोजच येत असणार आणि रोज फुकट करणारा दवाखाना वर्षभरात बंद पडतो; काय सोडता येईल एवढेच विचारले. त्यांनी आपल्या फीमधले चार हजार सोडले. गल्लीतल्या मुलांनी घरोघरची रद्दी गोळा करून साडेतीनशे आणले. उरलेल्या रकमेसाठी मी वर्गणी मागायला निघालो.

वर्गणीच्या बाबतीत मला एक संकोच होता. कळवळा माझा आणि खर्च लोकांचा, असा हा व्यवहार. म्हणून दोन नियम केले. आधी आपला वाटा घालायचा, मग दुसऱ्यापुढे हात पसरायचा. आणि बिलाची प्रत, आलेला पैसा, गेलेला पैसा वहीत लिहून ती वही कुणालाही दाखवायची. एकतीस जणांनी आठ हजार सहाशे पन्नास रुपये दिले. बावीस हजार दोन दिवसांत जमले.

सगळ्यांनीच दिले असे नाही. समोरच्या गृहस्थांनी साफ नकार दिला. त्यांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी भटके कुत्रे चावले होते. ते म्हणाले, “उद्या ही बरी होऊन रस्त्यावर येणार आणि चार महिन्यांनी सहा पिल्लं होणार. त्यांची वर्गणी कोण काढणार?” त्यांचा राग मला गैर वाटला नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्याच्या घरात त्या भीतीची रात्र जागून काढली गेली, त्याला भूतदयेचे पाठ कुणी द्यावेत?

ज्या रस्त्यावर ही कुत्री सापडली त्याचे नाव १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनावरून पडले. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, अहमदाबादेत एका गिरणीमालकांनी आवारातली साठ भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्यांना दोष दिला नाही. अहिंसेच्या पुजाऱ्याने असे म्हणावे, म्हणून वाचक संतापले आणि गांधीजींना ‘यंग इंडिया’त लेखांमागून लेख लिहावे लागले. मारण्याबाबतचे त्यांचे म्हणणे आज पटो वा न पटो. कायदाही आता वेगळ्या वाटेने गेला आहे. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांत नसबंदी आणि लसीकरण हाच मुख्य उपाय सांगितला आहे. पण गांधीजींच्या म्हणण्याचा दुसरा भाग मला चुकवता येईना. बेवारशी कुत्र्यापुढे उष्टा तुकडा टाकून पुण्य मिळवणे ही स्वस्त दया आहे. खरी दया असेल तर त्याला सांभाळा, किंवा सांभाळणारी व्यवस्था उभी करा, असा त्यांचा आग्रह होता. समोरचे गृहस्थ आपल्या शब्दांत तेच सांगत होते. कुत्रीला लस टोचली, पाय सांधल्यावर नसबंदी केली, आणि ती आमच्याच अंगणात राहील असे ठरले. हा खर्च मात्र वर्गणीतून केला नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचाच. “माणसं उपचारावाचून मरतात आणि तुम्ही कुत्रीवर बावीस हजार घालता?” असे एका स्नेह्यांनी विचारले. माझ्याजवळ उत्तर तयार होते. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर हिमालय चढतो तेव्हा त्याच्यामागे एक कुत्रा चालत असतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोड म्हणतो. युधिष्ठिर ऐकत नाही. तेव्हा इंद्र विचारतो, की भाऊ सोडलेस, द्रौपदी सोडलीस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह का? ‘माणसांचे काय?’ हा प्रश्न असा फार जुना आहे. युधिष्ठिराचे उत्तर सरळ आहे. ते मेले होते, त्यांना परत आणणे माझ्या हातात नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आला आहे.

स्नेही गप्प झाले. वाद जिंकल्याच्या समाधानात मी घरी आलो.

आमच्याकडे अकरा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी त्या वेळी अंगणात कुत्रीजवळ बसल्या होत्या. शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले होते. भाकरी दुधात कुस्करून त्या तिला भरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “पाप, केवढं कळवळूलालंय बघा की ओ सर.” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “किती आलं म्हणायचं?” मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. वाटी उचलून धुवायला गेल्या.

त्या गेल्यावर मला जूनमधली एक सकाळ आठवली. मावशींची मुलगी पीयूसी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. सहा हजार कमी पडत होते. मावशींनी उसने मागितले, पगारातून कापून घ्या म्हणाल्या. आम्ही नाही म्हटले नव्हते. “पुढच्या महिन्यात बघू,” एवढेच म्हटले होते. रंगाचे दहा हजार तेव्हाही कपाटातच होते. प्रवेशाची तारीख पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार नव्हती. मावशींनी बायकांच्या संघातून कर्ज काढले. दर आठवड्याला त्या हप्ता भरत होत्या. हे मला माहीत होते आणि मी ते विसरलो होतो.

युधिष्ठिराचे उत्तर त्याच्या तोंडी शोभले, कारण जिवंत असताना त्याने आपल्या माणसांना सोडले नव्हते. माझ्या तोंडी ते उसने होते.

मग रात्री बराच वेळ विचार केला. कुत्रीवर खर्च केला ही चूक झाली का? नाही. ते बावीस हजार न खर्चता मावशींच्या मुलीला गेले असते, असे म्हणणे खोटे ठरेल. ते गेले नव्हतेच. चूक दुसरी आहे. जूनमध्ये आमच्याकडे पैसे नव्हते असे नाही. आम्ही ते शोधले नव्हते. श्रावणात शोधले. रंग पुढे ढकलला, मुलाला फोन केला, सवलत मागितली, दारोदार गेलो, वही घातली. हे सगळे मार्ग जूनमध्येही होते.

मग श्रावणात असे काय निराळे होते? कुत्रीला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता येत नव्हते, एवढेच. ती दारात ओरडत होती. मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसत, खाली बघत विचारले आणि ‘बरं’ म्हणून कामाला लागल्या. माणूस थांबू शकतो, म्हणून आपण त्याला थांबवतो. त्याला अब्रू आहे, म्हणून तो दुसऱ्यांदा मागत नाही. आणि तो मागत नाही याचा अर्थ त्याची गरज भागली असा आपण सोयीने लावतो. जनावराचे दुःख उघड्यावर पडलेले असते. माणसाचे झाकलेले असते, आणि ते झाकण्याचे कष्ट तोच घेतो.

‘माणसांचे काय?’ हा प्रश्न बहुधा कुत्र्याला नाही म्हणण्यासाठी विचारला जातो. मला वाटते, तो कुत्र्याला हो म्हटल्यावर विचारावा. एका मुक्या जिवासाठी दोन दिवसांत जे जमले, ते दारात बोलत्या तोंडाने मागणाऱ्यासाठी का जमले नाही, असा. मग तो प्रश्न वादातला राहत नाही. तो घरात येऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटले, संघाचे उरलेले पैसे आम्ही भरतो. त्या हसल्या. “फेडत आलंय की ओ सर,” म्हणाल्या. “फुडल्या साली बी फी असतीया. तवा बघा.” त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

कुत्री आता आमच्या अंगणात असते. दोन महिने तिला कोंडून ठेवावे लागले; धावली तर सळई सरकेल, असे डॉक्टर म्हणाले होते. थंडीत किंचित लंगडते, एरवी नाही. समोरचे गृहस्थ नातवाला घेऊन फाटकाबाहेर उभे राहतात आणि नातू आतून भीत भीत तिला बिस्कीट टाकतो. भिंतींना रंग यंदाही दिलेला नाही.

वर्गणीची ती वही मी मोडली नाही. डावीकडच्या पानावर कुत्रीचा हिशेब आहे, शेवटी पै न् पै जुळवून रेघ मारलेला. उजवीकडच्या पानावर गेल्या भाद्रपदापासून दर महिन्याला पाचशे रुपये मांडत गेलो. जूनमध्ये फीची तारीख आली तेव्हा मावशींना मागावे लागले नाही. ते पान अजून पुरे झालेले नाही. कोर्स तीन वर्षांचा आहे.